वार्निश केलेली बडगी

पुण्यातल्या आमच्या बैठकीच्या भिंतीवर सात वर्षे एक बडगी टांगलेली होती, आणि ती सातही वर्षे मी माझ्या वहिनींना सांगत आलो की ती वापरात आहे. ते खोटे होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दिसत असे. ज्यांची ती होती, त्यांना मात्र दिसू नये, म्हणून मी वहिनींना पुण्याला येण्याचा आग्रह कधी केला नाही. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

बडगी म्हणजे भरीत ठेचण्याचे, होडीसारखे कोरलेले लाकडी भांडे. आमच्याकडे हिवाळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजतात आणि त्यांचा गर भाजलेल्या मिरच्यांबरोबर बडगीत ठेचतात. लाकडात ठेचला की गराचे धागे राहतात. वहिनींची बडगी त्यांच्या आईने लग्नात एरंडोलहून पाठवलेली होती. थोरल्या भावाचे घर पिंप्राळ्याला झाले तेव्हा इतर बरेच सामान मागे राहिले, बडगी मात्र वहिनींनी मांडीवर घेऊन आणली.

पुण्यातल्या आमच्या खानदेशी मंडळाचा डिसेंबरात मेळावा भरतो. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी वहिनींकडे आठवड्यापुरती बडगी मागितली. त्यांनी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून बसने पाठवली. त्या दिवशी ती खरोखर वापरली गेली. आम्ही सारे पाळीपाळीने मुसळ हातात धरून फोटो काढून घेत होतो. भरीत ठेचले ते दोघांनीच. मी चार पुऱ्या अधिक खाल्ल्या आणि डोळ्यांत पाणी आणून गावाविषयी बोललो.

नंतर ती घरी धुऊन ठेवलेली पाहून एक स्नेही म्हणाले, "ही भिंतीवर काय शोभेल!" मला ते पटले. सुताराने वार्निशचे दोन हात दिले आणि टांगण्यासाठी बुडाला दोन भोके पाडली. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. त्या वेळी मला काहीही वाटले नाही, ही गोष्ट आज मला सर्वांत जड जाते.

पुढच्या वर्षापासून मेळाव्याचे भरीत केटररकडून येऊ लागले, मऊ आणि सारखे. मी मात्र दरवर्षी माईकवर हरवत चाललेल्या चवीबद्दल बोलत राहिलो. वहिनी दर हिवाळ्यात वांग्यांचे पोते पाठवीत. मी ती सोसायटीत वाटून टाकी. मग त्यांचा फोन येई.

"भाऊ, बठ्ठा जण जेवनात ना पोटभर?"

"जेवले वहिनी. तुमच्या बडगीतलं भरीत म्हटल्यावर काय विचारता."

"मंग राहू द्या तठेच. चार लोकेस्ना पोटमा जास ना."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सुनेने घरून भरिताच्या ऑर्डरी घेणे सुरू केले. मिक्सरमधल्या भरिताचा लगदा होई. दोन घरांनी तसे तोंडावर सांगितले. मग वहिनीच परातीत पितळी तांब्याच्या बुडाने वांगी ठेचू लागल्या. मनगट सुजले. तेव्हा त्यांनी प्रथमच बडगी मागितली, तीही संकोचाने. मी म्हणालो, "ती मंडळाकडे आहे, विचारून पाहतो."

मी सुताराकडे गेलो. तो म्हणाला, भोके बुजतील, पण वार्निश लाकडात मुरले आहे, यात खायचे काही ठेचू नका. यावर मी जे केले ते मूळ चुकीहून वाईट होते. मी त्याच मापाची नवी बडगी करून घेतली, तिला तेल आणि राख चोळून जुनी केली आणि दोंडाईच्याच्या एका लग्नाला जाताना गाडीत घेतली. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मला ठाऊक होते. खरे सांगायचे तर मी त्याच भरवशावर होतो.

पिंप्राळ्याला पोहोचलो तेव्हा वहिनी मागच्या अंगणात काड्यांच्या जाळाजवळ बसल्या होत्या. मनगटाला फडके बांधलेले होते.

"या पुणेकर," त्या म्हणाल्या. "लग्नले निंघनात म्हणीसन आमनं दार दिसनं वाटतं."

सून हसली. "आई, काकांना आधी पाणी तर पिऊ द्या."

मी गाडीतली बडगी आणून त्यांच्यापुढे ठेवली. वहिनींनी ती दोन्ही हातांनी चाचपली, उचलून कपाळाला लावली, आणि सुनेला म्हणाल्या, "हाई मन्ही मायनी शे. पाया पड, मंग हात लाव."

सुनेने पदर सावरला आणि ती वाकली.

त्या वाकलेल्या मुलीकडे पाहताना मला कळले की मी आता गप्प राहिलो, तर या घरात पिढ्यान्पिढ्या माझ्या खोटेपणाला नमस्कार होत राहील. मी तिला हाताने थांबवले आणि वहिनींसमोर जमिनीवर बसलो.

"वहिनी, ही तुमच्या आईची नाही," मी म्हणालो. "ही मी गेल्या महिन्यात करवून घेतली. तुमची बडगी मी भिंतीवर टांगण्यासाठी वार्निश केली, तिला भोके पाडली. ती आता भरिताच्या कामाची राहिली नाही. सात वर्षे मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि आज तुमच्या अधू डोळ्यांचाही फायदा घेणार होतो. माझं चुकलं, वहिनी. मला क्षमा करा."