आडव्या चिंचेत अडकलेलं मशीन
पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात वाईजवळच्या एका वखारीत मी पेट्रोलवरची करवत चालवायचो. उभी निलगिरी तोडायची तर काम सरळ असायचं, एक झाड पाडलं की पुढचं धरायचं. पण त्या मे महिन्यात वळवाच्या वादळानं रस्त्यावर एक थोरली चिंच आडवी केली, आणि सकाळी ती कापायला मी पोचतोय तोवर मागं वऱ्हाडाचा ट्रक येऊन थांबला. बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला, मधे अधांतरी. मी सवयीनं वरून करवत लावली, तसं लाकूड खाली दबलं आणि पातं आत चिमटलं. ओढलं, पहार घातली, शिव्या घातल्या, पण ते हलेचना. नवरदेवाचा मामा घड्याळ बघत डोक्यावर उभा. "आवं, मशीन हाय नव्हं? मग कापा की!" शेवटी मुहूर्त टळेल म्हणून सगळं वऱ्हाड बुंध्यावर चढून पलीकडं उतरलं आणि समोर दिसणाऱ्या नवरीच्या गावाकडं चालत निघालं. पंगतीत म्हणतात तसं एकजण मला "सावकाश होऊ द्या" म्हणून गेला. मी कुऱ्हाडीनं खाच मोठी करत बसलो. उन्हं उतरली आणि ट्रककडं परतणाऱ्या वऱ्हाडाचा ताशा ऐकू आला. नवी नवरी शालू सावरत बुंध्यावर चढली, मला बघून थबकली; अडकलेल्या मशीनची गोष्ट मांडवात तिच्या कानावर गेली असावी. नवऱ्याला हळूच म्हणाली, "ह्ये सकाळपासनं हितंच हायती?" तो म्हणाला, "व्हय, मशीनवालं हायती." आता ती वखार नाही, मशीनही नाही, त्या नवरदेवाचं ते शांत 'व्हय' मात्र अजून टोचतं.