दोरीवर वाळणारा कुर्ता

कालपर्यंत रक्ताने माखलेला कुर्ता अंगणातल्या दोरीवर वाळत होता. जवळजवळ स्वच्छ.

सकाळचे साडेआठ. अर्धापूरजवळच्या केळीच्या बागेत आमच्या हॉरर फिल्मचा शेवटचा दिवस. बागेत अडकलेल्या चौघांपैकी वाचलेली एकटी मुलगी याच कुर्त्यात सरपटत बाहेर येते, एवढाच सीन उरला होता. उद्या व्यापारी केळी कापायला येणार होता. आज नाही, तर कधीच नाही.

माझं काम कंटिन्युइटी. फिल्म क्रमाने शूट होत नाही. सोमवारी मेलेला माणूस बुधवारी जेवताना लागतो. म्हणून कोणती जखम कुठे, रक्त ओलं की सुकलेलं, हे मी फोटोसकट वहीत लिहिते. युनिटमध्ये माझ्याशी गप्पा कुणी मारत नाही. चुकलं की मात्र पहिली हाक मला. जेवतेही वही घेऊन, एकटी.

"मावशी, हा कुर्ता कुणी धुतला?" आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीला मी विचारलं. आमचे कपडे त्यांच्याच ओसरीवर असायचे.

"म्या. लई रगत होतं. पोरीला एवढं लागलंय, अन् तुमी आपले पळापळ करून राहिले."

"खोटं रक्त होतं ते. साखरेचा पाक आणि रंग."

"तरीच मुंग्या!" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं का? दहा दिस झाले, चहा कुठं ठेवू, याच्यापुढं कुणी बोललं न्हाई."

डायरेक्टर धावत आला. "ताई, दुसरा कुर्ता?"

"नाही. बाकीचे दोन मारामारीच्या सीनमध्ये फाटले."

"मग संपलं."

"चाळीस मिनिटं दे."

रंग नव्याने लावता येतो. पण नेमका कुठे? मागच्या शॉटमधला डाग इंचभर सरकला, तरी प्रेक्षकाला खटकतं. कुर्ता पसरल्यावर तपकिरी ठिपके दिसले. केळीचा चीक. फोटोतही ते होते.

"हे न्हाई जात," मावशी म्हणाल्या. "माझ्या समद्या लुगड्यांवर हायत."

मग या ठिपक्यांपासून रक्ताच्या डागांची मापं घेतली. मी फोटो बघून सांगायची, त्या कापड ताणून धरायच्या, मेकअपवाला रंग लावायचा. मावशी सारख्या बोलत होत्या. मालक गेले, मुलगा पुण्याला, सून फोनवर. बाग कापली की इकडे कुणी फिरकत नाही.

"शिनेमात ती पोरगी वाचती का?"

"वाचते."

"अन् बाकीचे?"

"मरतात."

"एकलीच राहिली म्हणा." त्यांनी कापड थोडं सैल सोडलं. "मंग काय वाचली."

मी वहीत मापं लिहीत राहिले.

दुपारी दीडला, दुसऱ्या टेकमध्ये सीन ओके झाला. एडिटिंगमध्येही फरक कुणाला कळला नाही.

चूक मावशींची नव्हती. आमच्या कॉलशीटवर, म्हणजे रोजच्या कामाच्या पत्रकावर, जनरेटरवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं होती, ज्यांच्या घरात राहिलो त्यांचंच नव्हतं. आता प्रत्येक फिल्मच्या वेळी माझ्या कामांच्या यादीत पहिली ओळ हीच असते: जिथे उतरू त्या घरच्यांना फिल्मची गोष्ट सांगणे. ते काम कोणत्याच डिपार्टमेंटचं नाही, म्हणून मी करते.