बंद कारंज्याचं पाणी

आमचे फिरते सर कधी बसत नसत. सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबच्या मागच्या खोलीत दर रविवारी त्यांचा तैलरंगाचा वर्ग भरे. भरे म्हणजे, सामान उचलायला आम्ही तिथे जमायचो. मग बागेत. सावली सरकली की सर ईझल उचलत, आणि आम्ही पाच-सहा संसारी माणसं हातात ओले कॅनव्हास धरून वरात चुकलेल्या पाहुण्यांसारखी त्यांच्यामागे. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एकदा म्हटलं, "सर, घटकाभर बसू या ना."

"बसून पाह्यलं का बागेचं कॅलेंडर होते, मास्तरीणबाई. चला."

हिरव्या रंगाची ट्यूब त्यांना चालत नसे. एका मे महिन्यात मी लॉन हिरवंगार रंगवलं, कारण लॉन हिरवं असतं असं मी वाचलं होतं.

"काहून वं, हे कोण्या गावचं गवत आहे? वाकून पाह्य."

वाकून पाहिलं. गवत भाजलेल्या पापडाच्या रंगाचं होतं. सरांनी सुरीने माझं वाचन खरवडून काढलं.

त्याच उन्हाळ्यात क्लबात कोणी बडे पाहुणे यायचे होते. त्यांना भेट म्हणून सेक्रेटरींनी सरांकडे बागेचं चित्र मागितलं. सेक्रेटरींचा हुद्दा बेताचा, आवाज मात्र राज्यपालांचा. सरांनी कारंज्याचा हौद काढला. हौद कित्येक वर्षं कोरडा. तळाशी वाळकी पानं, आणि तिथेच आत, कठड्याच्या सावलीत तोंडावर दुपट्टा घेऊन झोपलेला माळी. इतकं शांत चित्र इतक्या अस्वस्थ माणसाने कसं काढलं, हे मला अजून कळलेलं नाही.

"कारंजं बंद का दाखवलंत?" सेक्रेटरी म्हणाले.

"बंदच आहे, साहेब."

"चित्रात सुरू करा की! चित्रात काय पाइप लागतो? आणि त्या माळ्याला उठवा."

"त्याले तुम्ही उठवा. मी पाहून राहिलो होतो तेव्हा तो झोपला होता."

शुक्रवारपर्यंत पाणी आलं नाही तर खोलीची किल्ली परत, असं ठरलं. सरांना शिकवायला दुसरी जागा नव्हती. घरी एका खोलीत सहा माणसं. तिथे ईझल उभं करायचं तर कोणाला तरी बाहेर काढावं लागलं असतं. सर ब्रशला हात लावेनात. गुरुवारी संध्याकाळी मी गेले आणि ब्रशने हौदात पाणी भरलं. वर उंच तुषारही उडवले. माळी बुडाला.

सेक्रेटरी खूश झाले. शुक्रवारी सर आले. चित्राच्या डावीकडून, उजवीकडून, दोनदा फिरून पाहिलं.

"पाणी झकास जमलं तुले."

"सर, खोली गेली असती."

"हो ना. वाचवली तू." त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "मग आता तूच शिकव इथं." दारातून वळून म्हणाले, "रंग ओला आहे अजून."

सर त्या खोलीत पुन्हा कधी आले नाहीत.

समारंभाला दोन दिवस होते. ओला रंग पुसायला टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन मी चित्रापुढे बराच वेळ उभी राहिले. मग फडकं खाली ठेवलं आणि खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पाणी लवकर वाळावं म्हणून.