अर्धीच दिसणारी डिस्क

संगणक सुरू करण्याआधी बाबा रोज दोन खुर्च्या पुसायचे. एक स्वतःची आणि एक बाजूची, जिच्यात आता कुणी बसत नव्हतं. सून एकदा टेकायला गेली, तर म्हणाले, "तिथं नको गं. स्टूल घे."

गल्लीत त्यांना सगळे शूटिंगवाले म्हणत. उभं आयुष्य परक्यांची लग्नं टिपण्यात गेलं. सासूबाई बाजूच्या खुर्चीतून हुकूम सोडायच्या, "कापा हो इथं! नवरदेवाचा मामा अजून किती जेवणार?"

त्या गेल्यावर बाबांनी टेपा डिस्कवर उतरवायला घेतल्या. सगळ्यांत आधी सासूबाईंच्या. भांडताना, हसताना, कॅमेऱ्यापुढे हात आडवा धरून "पुरे झालं" म्हणताना. "आधी घरचं माणूस, मग गिऱ्हाईक," बाबा म्हणाले. टेपांना बुरशी चढली होती. उतरवून झाल्या तशा सुनेनं त्या टाकून दिल्या, त्यांच्याच सांगण्यावरून.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. डिस्क भलीमोठी, पण जुना संगणक ती अर्धीच दाखवायचा. "हाही म्हातारा झाला, एका डोळ्यानं बघतो," बाबा म्हणायचे. दुरुस्तीवाल्यानं बजावलं, "मशीनच बदला, शूटिंगवाले. याला एवढं मोजता येत नाही."

ऐकतील तर ते बाबा कसले! कुठूनसा एक प्रोग्राम शोधून त्यांनी संगणकात टाकला आणि एका दुपारी पडद्यावर पूर्ण आकडा उमटला.

"सूनबाई, धाव! सगळी दिसली!"

मग काय, लग्नांवर लग्नं उतरत राहिली. अर्धी डिस्क भरली, काटा पुढे सरकला, बाबा खूश. आणि एका सकाळी ती उघडेचना.

दुरुस्तीवाल्यानं ती दुकानात ठेवून घेतली. बाबा आणि सून परत गेले तेव्हा तो बाबांकडे बघत नव्हता. "स्कूटरचा मीटर शेवटच्या आकड्यानंतर शून्यावर येतो ना, तसं झालं. संगणक आकडा पूर्ण दाखवत होता, पण डिस्क अर्धी भरल्यावर हा पुन्हा पहिल्यापासून लिहीत सुटला. मागाहूनची लग्नं काढलीत मी. सुरुवातीचं मात्र पुसलं गेलं. काही खास होतं का त्यात?"

सुनेला आपल्याच हातांनी फेकलेल्या टेपा आठवल्या. तिनं बाबांच्या दंडाला धरलं.

"घरचंच होतं," बाबा म्हणाले. "तुझं किती झालं?"

त्यानंतरही ते रोज दोन्ही खुर्च्या पुसत. वाचलेली लग्नं लावून बसत, आवाज मोठा करून. सुनेला आधी कळेना. मग लक्षात आलं, ते चित्राकडे बघतच नव्हते. कधीमधी सासूबाईही शूटिंगला सोबत जायच्या. कॅमेऱ्यामागून त्यांचा एखादा शब्द त्या गोंगाटात सापडतो का, ते ऐकत होते. परक्यांचे मामा, मावश्या, सगळे शाबूत होते. तो एक आवाज तेवढा कुठे लागत नव्हता.

एका पहाटे बाबा झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी सून त्यांना चहा द्यायला आली होती. ती स्टूल शोधतेय हे बघून त्यांनी आवाज थोडा आणखी वाढवला आणि बाजूला हात करून म्हणाले,

"अगं, उभी का? बस की त्या खुर्चीत."