बंदुकीच्या दस्त्यावरच्या खुणा

ये गं, जवळ सरक. हॉस्टेलवर असलीस म्हणून काय झालं? वाचताना माझ्या शेजारी बसलीयेस असं समज, म्हणजे कान धरता येईल. फोनवर केवढी ओरडलीस, "आजी, जुनी टार्गेट रायफल होती ती! पोलिसांना देऊन टाकलीस?" नेमबाजी शिकतेस, कौतुक आहे. पण न विचारता मला वेडी ठरवलंस. आता ऐक.

तुझे आजोबा गेले तसा परवानाही संपला. बंदूक ठाण्यात जमा करायचीच होती, मीच चालढकल केली. मग सरकारने जमीन घेतली त्याच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून तुझा बाप आणि काका भांडले. तुझ्या बापाने भिंतीवरची बंदूक काढली. गोळ्या नव्हत्याच घरात. त्याने ती नळीकडून धरली आणि लाकडी दस्ता काकाच्या तोंडावर घातला. ओठ फाटला, दोन दात लादीवर पडले. ते मी पदरात उचलले. तुला सांगितलं, काका गाडीवरून पडला. खोटं होतं ते.

तिसऱ्या दिवशी बंदूक गोधडीत गुंडाळली. आपल्या सोसायटीतले रिटायर सुभेदार फौजेत बंदुका दुरुस्त करायचे, त्यांना सोबत घेतलं आणि रिक्षाने उरणच्या ठाण्यात गेले. हवालदाराने कागद बघितला, बंदूक बघितली.

"मावशी, नंबर जुळत नाय. परवाना दुसऱ्याच बंदुकीचा हाय. घेऊन जा परत."

"परत नेली तर पुढच्या खेपेला मढं घेऊन येईन रे बाबा."

"धमकी देता काय?"

"धमकी नाय, खबर देते."

सुभेदारांनी चष्मा कपाळावर चढवला नि बंदूक उजेडात धरली. "ही लढाईतली आहे," ते म्हणाले. मला बोट ठेवून दाखवलं: घोड्याच्या वर कोरलेला छोटा मुकुट, त्याखाली बाण, इंग्रज सरकारच्या मालाची खूण. लढाईतली गोळी लोकांना घरी ठेवू देत नाहीत, म्हणून नंतर कुणीतरी जाड नळीत बारीक नळी बसवली, टार्गेटच्या छोट्या गोळीसाठी. नेम धरायला मागे भोकाची चकती लावली. मग त्यांनी रॉकेलचा बोळा नळीवर घासला. काळ्या रंगाखालून आकडे वर आले. परवान्यावरचेच!

"नळी एका बंदुकीची, अंग दुसरीचं. लिहिणाऱ्याने नळीचा नंबर उतरवला, पुढे तो रंगाखाली गेला. बंदूक हीच."

हवालदार वर्णन लिहायला बसला. "दस्त्याला तडा, तांब्याची तार गुंडाळलेली. लढाईत फुटला काय?"

"असेल," सुभेदार म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मिठागराच्या बांधावर आमच्या ह्यांनी माझ्या दिराचा गुडघा फोडला, तेव्हाचा तडा आहे. तारही त्यांनीच गुंडाळली. आणि मागच्या पितळी पट्टीचा कोपरा वाकलाय ना, तो माझा."

पदर खाली घेतला आणि कानामागचा वण दाखवला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हे रविवारच्या स्पर्धेत नेम चुकवून आले होते. मी विचारलं, "किती लागले?" एवढंच. शुद्धीवर आले तेव्हा वेणी रक्ताने पाठीला चिकटली होती. त्यानंतर आयुष्यात त्यांना गुण विचारले नाहीत.

पट्टीच्या स्क्रूच्या खाचेत काळपट काहीतरी बसलं होतं. सुभेदारांनी काडीने खरवडलं. "गंज नाही हा," म्हणाले नि बोट घाईघाईने पँटला पुसलं. काकाचं रक्त, दुसरं काय.

पावती घेऊन घरी आले. तुझा बाप दारातच. "बंदूक कुठाय?"

"ठाण्यात."

त्याने हात उचलला. माझ्यावर. काका तोंडाला टाके असून मध्ये आला. मग तुझ्या बापाने मूठ कपाटाच्या काचेवर मारली. मनगटापर्यंत फाटला हात. त्याच हाताकडे बघत लहानासारखा रडला.

आता तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. काका पेज पितो. दोघं एका घरात राहतात आणि मी मधल्या खोलीत कान देऊन झोपते. बंदूक गेली, हात घरातच आहेत. तुझा बाप फक्त तुझं ऐकतो, हे तुलाही माहीत आहे. हात का उचललास ते त्याला विचार, समोर बसवून विचार. तुझ्या आजोबांना विचारायला मला त्या वेळी जमलं नाही. ये गं बाई, या शनिवारीच ये.