सशाला माती मिळाली

मंडळी, आज आमच्या घरात मातीवरून वाजलं.

नात शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा ससा आमच्याकडे राहिला. बिचारा दिवसभर गुळगुळीत फरशी उकरायचा. शेवटी मी घोटीच्या बहिणीच्या शेतातून खत न घातलेली माती आणवली आणि त्याच्या मोठ्या पेटीत हातभर भरली.

सून म्हणाली, "आई, पाचव्या मजल्यावर चिखल? संध्याकाळपर्यंत काढा."

"फरशी तुझी गं, पण पाय त्याचे आहेत."

तोवर सशाने खड्डा खणला आणि आत पाय ताणून झोपलाही.

मला त्याचा हेवा वाटला. कॉन्व्हेंट शाळेत नखांत माती दिसली की सिस्टर पट्टी मारायच्या. पुढे बँकेतली नोकरी, मग हा फ्लॅट. मातीत खेळायचं राहूनच गेलं.

माती मी काढणार नाही. तुमच्यापैकी आणखी कुणाचं असं राहून गेलंय का हो?