तळणीच्या तेलावर चालणारी होडी

सुलक्षणाबाईंना दिवसाढवळ्या स्वप्नं पडत. निवृत्त झाल्यावर तर जास्तच. अंधेरीच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्या स्टुलावर बसल्या की आजूबाजूची छपरं हळूहळू पाण्यावर तरंगायला लागत आणि त्यांतून वाट काढत एक होडी समुद्राकडे निघे. त्या होडीच्या इंजिनात शेजारच्या ऋताकडच्या बटाटेवड्यांचं तेल जळत असे, शुभाकडच्या पुऱ्यांचं आणि तळमजल्यावरच्या भाऊंच्या पापडांचं. भाऊंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, तरी त्यांच्या उरलेल्या तेलाचा डबा दर महिन्याला गळ्यापर्यंत भरून येई. बाई तो गच्चीवरच्या पिंपात ओतून घेत.

एकतीस वर्षं त्या घाटकोपरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. प्रयोग मुलांनी करायचे, बाटल्या बाईंनी धुवायच्या. स्वतःचा म्हणावा असा एकही प्रयोग त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि याचं त्यांना फार वाईट वाटत असे.

तेलाचं खूळ डोक्यात शिरलं ते सोनूबाईमुळे. सोनूबाई मढची कोळीण, आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन दारात येणारी. एकदा बोंबील निवडता निवडता म्हणाली, "आमच्या अनंताचा खोकला काय जात नाय बाय. दिवसभर इंजिनाचा काला धूर तोंडावर." अनंता तिचा मुलगा, एका छोट्या होडीचा मालक. बोंबील तसेच राहिले. बाईंना आठवलं, खाण्याच्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करतात, आणि ते करायला लागणारं सगळं काम आपल्या हातांना येतं.

मग गच्चीवरच्या रिकाम्या खोलीत त्यांचा संसार उभा राहिला. आधी तेल जुन्या धोतरातून गाळायचं. मग ते कोमट करून त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळायचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास काडीसुद्धा पेटू न देता. एवढं झालं की हात बांधून बसायचं. तासाभरात भांड्यात दोन थर पडत, खाली काळपट ग्लिसरीन आणि वर सोनेरी इंधन. ते पाण्याने धुऊन, सुकवून बाई बाटलीत धरत आणि तिच्यातून ऊन बघत. तेवढ्यात दुपार कशी सरे, ते त्यांना कळत नसे.

गणपतीनंतर पहिला कॅन अनंताने घेतला तो आईच्या भिडेखातर. आठवड्याने त्याचा फोन आला. "ताई, धूर कमी झाला. पन माजी होडी भज्यांचा वास मारते. बगले मागं लागतात." बाई इतक्या हसल्या की ऋता दार वाजवून विचारून गेली. त्यानंतर दर महिन्याला वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने त्यांचा कॅन मढला जाऊ लागला. आपल्या हातचं काहीतरी समुद्रावर जातंय, एवढ्यावर त्यांना रात्री शांत झोप लागे.

जानेवारीत गारठा पडला आणि एका सकाळी सोनूबाई टोपलीशिवाय आली. तिचा चेहरा बघून बाईंनी तिला आत घेऊन बसवलं. पहाटे खाडीच्या तोंडाशी अनंताचं इंजिन बंद पडलं होतं. ओहोटीने होडी खडकांकडे ओढली, दुसऱ्या होडीने दोर टाकला म्हणून वाचली. "फिल्टरमदी पांढरं लोणी साचलंवतं," सोनूबाई म्हणाली. "अनंता बोलतो, आता तुजं तेल नको." ती रागावली नव्हती. बाईंना तेच जास्त लागलं.

प्रत्येक घाण्याची एक बाटली बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत. बाकी बाटल्या स्वच्छ होत्या. दिवाळीच्या तेलाची, म्हणजे याच महिन्याच्या कॅनची, मात्र गढुळली होती आणि तिच्या तळाशी पांढरे कण बसले होते. थंडीत असं काय थिजतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही. कोणीतरी वनस्पती तुपात तळलं होतं. बाईंनी मनातल्या मनात सगळ्या बिऱ्हाडांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. शुभा? ऋता? चोरटे भाऊ?

मग त्यांना स्वतःची कढई आठवली.

दिवाळीत अख्ख्या इमारतीचे अनारसे त्यांच्याकडे होत, साजूक तुपातले म्हणून नावाजलेले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत घरातलं तूप संपलं, तेव्हा त्यांनी गुपचूप वनस्पती वापरलं होतं. अनारसे असे जाळीदार उतरले की सासूबाईंनी चारचौघींत कौतुक केलं, आणि खरं सांगायचं राहून गेलं. पुढे चाळीस दिवाळ्या तेच चाललं. इतक्यांदा "साजूक तुपातले" म्हटलं की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. यंदाही कढईतलं उरलेलं त्यांनी बिनदिक्कत पिंपात ओतलं होतं. अर्धं पिंप त्याचंच होतं.

गप्प बसता आलं असतं. पण खडकांकडे सरकणारी होडी डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने त्या मढला गेल्या, पिशवीत ती गढूळ बाटली घेऊन.

अनंता वाळूत बसून जाळं शिवत होता. बाई उभ्या उभ्याच बोलल्या. "अनंता, चूक तेलाची नाही, माझी आहे. मी त्यात वनस्पती तूप घातलं. चाळीस वर्षं लोकांना साजूक सांगत आले, तेच तुझ्या इंजिनात गेलं. तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर..." त्यांनी पिशवीतली बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "आता माझं तेल घालू नकोस. मी फक्त सांगायला आले."

अनंताने बाटली घेतली आणि उन्हात धरली. वाऱ्यावर बोंबील वाळत होते. हळूहळू पांढरं विरघळलं आणि आतलं सोनेरी दिसू लागलं.

"ताई," तो म्हणाला, "पंदरा वर्सं पंपावरचं डिझेल घालतोय. कदी पानी निघतं, कदी कचरा. त्यात काय हाय ते सांगायला आजपर्यंत कोन आला नाय."

त्याने बाटली खाली ठेवली आणि होडीकडे बघून घरातल्या सोनूबाईला हाक मारली. "आये, ताईला जेवू घाल. दुपारच्या भरतीला हिला होडीतून दर्यात घेऊन जातो. नवा कॅन आनला का गं, ताई?"

बाईंनी कॅन आणला नव्हता. आणायची हिंमतच झाली नव्हती. "नाही रे," त्या म्हणाल्या, आणि वाळूत बसून लहान मुलीसारख्या रडल्या.

"मग उद्या आन," अनंता म्हणाला. "आज डिझेलवर जाऊ."